कॅम्परव्हॅन आणि पाल

'भटकंती' हा शब्द अलीकडे फार प्रतिष्ठित झाला आहे. शनिवार-रविवार गडावर जाणारा भटकंती करतो, नोकरी सोडून गाडीत संसार थाटणारा भटकंती करतो, आणि त्याचे फोटो पाहून लोक म्हणतात, जगावे तर असे! पण याच क्रियापदापासून 'भटका' हा शब्द तयार होतो तेव्हा तो जातीच्या दाखल्यावर लिहिला जातो आणि पोलिसांच्या संशयाला कारण होतो. क्रिया एकच. एकाला ती केली की प्रतिष्ठा मिळते, दुसऱ्याला ती केली की जाब द्यावा लागतो. या लेखात आम्हाला या फरकाविषयी लिहायचे आहे. निमित्त आहे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, रेडवुडच्या जंगलातून आम्ही एकट्याने केलेला आठ दिवसांचा प्रवास. एकट्याने म्हणजे सोबत माणूस नव्हता, एक कुत्रा होता.

या प्रवासाची गोष्ट सांगितली तेव्हा चळवळीतल्या काही मित्रांना ती रुचली नाही. समाजावर रोज अत्याचार होत आहेत आणि तुम्ही कुत्रा घेऊन झाडे बघत फिरता, ही चैन कोणाच्या जिवावर, असा त्यांचा सूर होता. प्रश्न रास्त आहे. आम्ही नऊ वर्षे पालांवर काम करतो. पारधी, डोंबारी, मसणजोगी अशा कुटुंबांचे रेशनकार्ड, मुलांचा शाळाप्रवेश, जातीचा दाखला, आधारकार्ड, मतदारयादीत नाव, हेच आमचे रोजचे काम. त्यामुळे चैन म्हणजे काय आणि गरज म्हणजे काय, हे आम्हाला रोज डोळ्यांनी दिसते. म्हणूनच उत्तर देणे भाग आहे.

प्रथम प्रवासाची हकीकत. एका छोट्या अभ्यासक्रमासाठी आम्ही तीन महिने कॅलिफोर्नियात होतो. मुक्काम नागपूरकडच्या एका आंबेडकरी कुटुंबाकडे होता. त्यांच्याकडे निवाऱ्यातून आणलेला एक मिश्र जातीचा कुत्रा आहे. घरातल्या लेकरांनी त्याचे नाव 'निळू' ठेवले आहे. (कुत्र्याच्या बाबतीत 'मिश्र जातीचा' हा शब्द किती सहज लिहिला जातो, पाहा!) अभ्यासक्रम संपला, परतीच्या विमानाला दहा दिवस होते. यजमान म्हणाले, "दादा, एवढ्या लांब आलात तर रेडवुड बघून जा. निळूलाही न्या, तो सोबत असला की रात्री भीती नाही." आम्ही भाड्याने कॅम्परव्हॅन घेतली. मागच्या बाजूला एक झोपायची फळी, एक गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. पोहे, शेंगदाण्याची चटणी, तांदूळ आणि डाळ भरून आम्ही १०१ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला निघालो.

रेडवुड म्हणजे जगातले सर्वांत उंच झाड. सर्वांत उंच म्हणून नोंदलेल्या झाडाची उंची सुमारे ११६ मीटर आहे. म्हणजे तीस-पस्तीस मजली इमारत. काही झाडे दोन हजार वर्षांपेक्षा जास्त जगलेली आहेत. साल फूटभर जाड असू शकते, म्हणून वणव्यातही ती तग धरतात. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ नसतो. समुद्रावरून धुके येते आणि झाडे त्या धुक्यातून पाणी घेतात. धुके फांद्यांवर साचते आणि खाली ठिबकते. गाडीच्या टपावर रात्रभर टपटप आवाज येत राहतो, आणि बाहेर पाहावे तर आभाळात पावसाचा ढग नाही. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून पुन्हा कोंब फुटतात. जुन्या बुंध्याभोवती नव्या झाडांचे रिंगण उभे राहते. आम्ही अशा एका रिंगणात बराच वेळ बसलो होतो. काही केले नाही, नुसते बसलो. आमच्या आजीला आयुष्यात जंगल माहीत होते ते सरपणापुरते. मोळी डोक्यावर, नजर वनरक्षकाच्या वाटेवर. जंगलात काही न करता बसायचे असते, हे तिला कोणी सांगितले असते तर तिने त्याला वेड्यात काढले असते.

पहिल्याच दिवशी एका पायवाटेच्या तोंडाशी पाटी दिसली. या वाटेवर कुत्र्यांना मनाई. रेडवुडच्या उद्यानांमध्ये बहुतेक पायवाटांवर कुत्रे नेता येत नाही. मुक्कामाच्या जागा, वाहनतळ, काही समुद्रकिनारे आणि एखाददुसरा कच्चा रस्ता एवढेच त्याला मोकळे. तिथेही सहा फुटांपेक्षा लांब नसलेला पट्टा हवा. रात्री त्याने गाडीत किंवा तंबूत झोपायचे. कारण सरळ आहे. जंगलात मोठे सांबरासारखे एल्क आहेत, अस्वले आहेत, जमिनीवर वावरणारे लहान जीव आहेत. कुत्र्याच्या वासाने आणि भुंकण्याने ते बिथरतात.

ती पाटी वाचून आम्हाला हसू आले आणि लगेच महाड आठवले. चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना बंदी नव्हती. गुरे पाणी पीत होती. बंदी होती ती माणसांना. इथे उलटे. माणूस कोणीही असो, आत जा, कुत्र्याने थांबायचे. आणि थांबायचे ते कुत्रा नीच आहे म्हणून नव्हे, त्याच्या असण्याचा दुसऱ्या जिवाला त्रास होतो म्हणून. नियम आणि अस्पृश्यता यांत हाच फरक आहे. नियमाला कारण असते, ते पाटीवर लिहिता येते, तपासता येते, चुकीचे ठरले तर बदलता येते. अस्पृश्यतेला फक्त जन्म लागतो. मनुस्मृतीने चांडाळांची संपत्ती म्हणून कुत्री आणि गाढवे नेमून दिली होती. म्हणजे कुत्र्याशी आमचे नाते शास्त्राने लावले आहे! ते शास्त्र बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळले गेले. कुत्रा मात्र आम्ही ठेवला, आणि ठेवणार. कारण तो आता कोणी लादलेली संपत्ती नाही, आम्ही निवडलेला सोबती आहे.

आता कोणी म्हणेल, बघा, अमेरिका किती समतावादी! म्हणून या झाडांचा इतिहास सांगणे आवश्यक आहे.

रेडवुडची मूळ जंगले लाकूड कंपन्यांनी तोडली. आज त्यांचा जेमतेम वीसावा हिस्सा उरला आहे. उरलेले वाचवण्यासाठी १९१८ मध्ये 'सेव्ह द रेडवुड्स लीग' ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक होता मॅडिसन ग्रँट, न्यूयॉर्कचा श्रीमंत वकील. याच ग्रँटने १९१६ मध्ये 'द पासिंग ऑफ द ग्रेट रेस' हे पुस्तक लिहिले. उत्तर युरोपातील गोऱ्यांचा वंश श्रेष्ठ आहे आणि इतरांच्या मिश्रणाने तो बुडतो आहे, असा त्याचा सिद्धांत. पुढे नाझींनी हे पुस्तक उचलून धरले. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्यांना वंश पाहून रोखणाऱ्या १९२४ च्या कायद्यामागेही या विचाराचे बळ होते. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा या काँगोतून आणलेल्या आफ्रिकी माणसाला माकडांच्या घरात प्रदर्शनासाठी ठेवले गेले. ते प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचा ग्रँट तेव्हा सचिव होता. झाड वाचले पाहिजे म्हणून झटणाऱ्या माणसाला माणूस पिंजऱ्यात ठेवलेला चालत होता.

हे वाचून धक्का बसण्याचे कारण नाही. निसर्गप्रेम हा समतेचा पुरावा नाही, हे आपल्याला आपल्या देशातही माहीत आहे. वडाला सूत गुंडाळणारे, मुंग्यांना साखर घालणारे, गाईला माता म्हणणारे हात माणसाला पाणी वरून ओततात. ज्याच्या डोक्यात प्रतवारी आहे तो झाडांवर प्रेम करतानाही प्रतवारीच करतो. हे सर्वांत उंच, हे शुद्ध, हे मूळ, हे वाचवा. ग्रँटला रेडवुडमध्ये झाड कमी आणि आपला 'श्रेष्ठ वंश' जास्त दिसत असावा, असा आमचा कयास आहे.

१९१६ हे वर्ष पुन्हा बघा. ज्या न्यूयॉर्कमध्ये हे पुस्तक निघाले, त्याच शहरात त्याच वर्षी ९ मे रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या एका परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. ग्रँट कोलंबियाचाच कायद्याचा पदवीधर. एक सांगत होता, माणसांमधले भेद रक्तात आहेत. दुसरा सांगत होता, जात रक्तातून आलेली नाही, जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनातून समाजाने ती घडवली आहे. समाजशास्त्र शिकताना आम्ही हा निबंध परीक्षेसाठी वाचला होता. त्या जंगलात त्याची किंमत नव्याने कळली. तो काळ वंशश्रेष्ठत्वाला विज्ञान मानणाऱ्यांचा होता, आणि आपला माणूस त्या प्रवाहाच्या विरुद्ध उभा होता.

प्रेअरी क्रीक नावाच्या उद्यानात ग्रँटच्या नावाचा स्मारकशिला होती. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या उद्यान विभागाने ती काढून टाकली. आम्ही त्या उद्यानात दोन रात्री राहिलो. शिला गेल्याने एकही झाड कमी झालेले नाही.

पण हे जंगल ग्रँटच्या आधीही कोणाचे तरी होते. युरोक, वियोट, तोलोवा या लोकांचे. युरोक रेडवुडच्या फळ्यांची घरे बांधत, एका खोडातून होडी कोरत. आजही क्लॅमथ नदीवर ती होडी चालते. सोन्याच्या हव्यासाने गोरे आले आणि काय झाले ते ऐका. २६ फेब्रुवारी १८६० च्या पहाटे हंबोल्ट खाडीतील तुलुवात बेटावर वियोट लोक आपला वार्षिक विधी करून झोपले होते. गोऱ्यांच्या टोळीने त्यांची कत्तल केली. मेलेल्यांत बहुतेक बायका, मुले, म्हातारी माणसे होती. कोणालाही शिक्षा झाली नाही. याच खाडीवरच्या युरेका शहरातून फेब्रुवारी १८८५ मध्ये सगळ्या चिनी रहिवाशांना एका-दोन दिवसांत जहाजात घालून हाकलून देण्यात आले. आज ते शहर देखणे आहे. आम्ही तिथे पेट्रोल भरले, निळूला किनाऱ्यावर फिरवले आणि पुढे निघालो. २०१९ मध्ये युरेकाच्या नगरपालिकेने त्या बेटाचा आपल्या ताब्यातला मोठा भाग वियोट लोकांना परत दिला. २०२१ मध्ये जवळच्या एका उद्यानाचे गोऱ्या वसाहतवाल्यावरून पडलेले नाव काढून 'सू-मेग' हे युरोक नाव पुन्हा ठेवले गेले. त्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या मागणी लावून धरली, म्हणून हे झाले.

यातली एक गोष्ट आमच्या कामाशी थेट भिडते. १८५० मध्ये कॅलिफोर्नियाने मूळ निवासींच्या 'संरक्षणा'च्या नावाने एक कायदा केला. कोणी मूळ निवासी माणूस कामाविना हिंडताना आढळला, तर त्याला पकडून त्याची मजुरी लिलावात काढता येत असे. ज्याच्या बापजाद्यांचे जंगल, तोच त्या जंगलात हिंडला तर गुन्हेगार! हे वाचताना आम्हाला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवल्याशिवाय कसा राहील? इंग्रजांनी केलेला हा कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मताच गुन्हेगार, पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. सोलापूरची सेटलमेंट, तिचे तारेचे कुंपण, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी भोगलेले आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. आपण तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. कायदा गेला, नजर गेली नाही.

ती नजर म्हणजे काय, हे आम्ही कॅम्परव्हॅनच्या दुसऱ्या रात्री स्वतःत पाहिले. रात्री दहाच्या सुमाराला निळू गुरगुरला. बाहेर बॅटरीचा झोत, पावलांचा आवाज. आम्ही उठून बसलो आणि आमच्या लक्षात आले की आमच्या हातात पासपोर्ट, परवाना आणि गाडीच्या भाड्याचा कागद आधीच आलेला आहे. मनात उत्तरे तयार आहेत : आम्ही कोण, इथे का, किती दिवस, कोणाच्या ओळखीने. आम्ही पदव्युत्तर शिकलेले, कार्यालयांत अधिकाऱ्यांशी वाद घालणारे. तरी हात कागदाकडे गेला. रेंजर होता. त्याने जागेच्या खांबाला लावलेली आमची चिठ्ठी पाहिली. तिच्यावर गाडीचा क्रमांक आणि किती रात्री राहणार एवढेच होते. खिडकीतून निळू दिसला तेव्हा "कुत्रा आत आहे, छान," एवढे म्हणून तो पुढच्या गाडीकडे गेला. बस्स. त्या रात्री काहीच घडले नाही.

हे 'काहीच घडले नाही' फार मोठे आहे. पालावर रात्री बॅटरीचा झोत येतो तेव्हा काय घडते, हे आम्ही पाहिलेले आहे. तालुक्यात कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी पालावर येते. भांडी उलटीपालटी होतात, दोन तरुण पोरे उचलली जातात, बायका गाडीमागे धावतात, कुत्री भुंकतात. पहाटे आमचा फोन वाजतो. ठाण्यात बसून आम्ही विचारतो, यांच्याविरुद्ध काय आहे? उत्तर येते, काही नाही, चौकशी. झाडाखाली मुक्काम, सोबत कुत्रा, चाकावरचे बिऱ्हाड, तीन दगडांची चूल. आमच्या आठ दिवसांच्या सहलीत आणि त्यांच्या जगण्यात दिसायला फरक तो किती? तरीही आमच्या मुक्कामाला रेंजरचे संरक्षण होते आणि त्यांच्या मुक्कामाला पोलिसांची धाड.

अमेरिकेतही एकटे फिरण्याचा हक्क सर्वांना सारखा मिळालेला नाही. १९६० मध्ये जॉन स्टाइनबेक हा मोठा लेखक ट्रकवर बांधलेल्या घरात, चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन देश पाहायला निघाला. रेडवुडच्या जंगलातही गेला. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे त्याचे पुस्तक १९६२ मध्ये आले, आणि त्याच वर्षी त्याला नोबेल मिळाले. कुत्रा घेऊन गाडीने एकटे फिरण्याची आजची सारी हौस त्या पुस्तकाची लेक आहे. पण त्याच पुस्तकात न्यू ऑर्लिन्सचा प्रसंग आहे. गाडीत बसलेला चार्ली एका गोऱ्याला आधी काळा माणूस वाटतो. कुत्राच आहे हे कळल्यावर तो खुशीत हसतो. गोऱ्याच्या शेजारच्या आसनावर कुत्रा चालत होता, काळा माणूस चालत नव्हता. त्याच काळात काळी कुटुंबे प्रवासाला निघताना 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका गाडीत ठेवत. कुठे जेवण मिळेल, कुठे रात्री झोपता येईल, याची ती यादी होती. हार्लेमच्या व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ मध्ये ती सुरू केली; तीस वर्षे ती निघत राहिली. आणि हे सगळे जुने झाले असे समजू नका. २५ मे २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ख्रिश्चन कूपर हा काळा पक्षीनिरीक्षक एका गोऱ्या बाईला म्हणाला, कुत्र्याला पट्टा लावा, इथे तसा नियम आहे. तिने पोलिसांना फोन करून सांगितले की एक काळा माणूस मला धमकावतो आहे. नियम त्याच्या बाजूने होता, तरी फोन तिच्या हातात होता.

आणि आपली जात? तीही तिथे पोचलेली आहे. प्रेअरी क्रीकमध्ये 'बिग ट्री' नावाचे सुमारे ८७ मीटर उंचीचे झाड आहे. तिथे एक मराठी जोडपे भेटले. आम्ही फोनवर मराठीत बोलत होतो ते ऐकून दोघे आनंदाने आमच्याकडे आले. निळूला गोंजारले, चहाला गाडीकडे या म्हणाले. मग नाव विचारले. मग आडनाव. मग मूळ गाव. मग गावात कोणत्या बाजूला घर. आम्ही सगळ्याची सरळ उत्तरे दिली आणि शेवटी "जय भीम" म्हणालो. "अच्छा, अच्छा," असे दोनदा म्हणून त्यांनी घड्याळ पाहिले. चहा राहिला. दीड हजार वर्षांच्या झाडाखाली उभे राहूनही माणसाला दुसऱ्याचे आडनावच मोठे वाटावे, याला काय म्हणावे?

यातही नवल नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळत होते, तर भेदच चुकीचा आहे असे म्हणण्याऐवजी युक्तिवाद झाला तो असा की हे उच्च जातीचे, आर्य रक्ताचे आहेत, म्हणून गोरेच आहेत. न्यायालयाने तो फेटाळला. शंभर वर्षांनी, २०२३ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातिभेदाला स्पष्ट बंदी करणारे विधेयक मंजूर केले, पण राज्यपालांनी त्यावर सही केली नाही. चहा न मिळाल्याचे आम्हाला दुःख नाही. डबाभर पोहे होते. पण लढाई तिथेही आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता मित्रांच्या प्रश्नाकडे. आपल्यासारख्यांनी अशी भटकंती करावी का?

आमचे उत्तर बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. १९३४ मध्ये चळवळीतल्या सहकाऱ्यांची इच्छा झाली की बाबासाहेबांसोबत प्रेक्षणीय स्थळे पाहावीत. बाबासाहेब हो म्हणाले. वेरूळची लेणी पाहायला ही मंडळी निघाली, वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबली. किल्ल्याच्या दाराशी हौदाच्या पाण्याने प्रवासाची धूळ धुतली म्हणून तिथे गोंधळ झाला. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, पहाऱ्यात, त्यांना किल्ला पाहावा लागला. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे चळवळीच्या ऐन धामधुमीत बाबासाहेब सहलीला गेले होते. त्यांना कोणी विचारले नाही की ही चैन कशाला. आणि १९१७ मध्ये बडोद्याला पारशी सरायीतून हाकलल्यावर, कुठेच थारा नसताना, गाडीच्या वेळेपर्यंत ते बसले ते एका सार्वजनिक बागेत, कामाठी बागेत. शहरातली सगळी दारे बंद झाली तेव्हा उघडी राहिली ती सार्वजनिक जागा. म्हणून बाग, तळे, किल्ला, जंगल, रस्ता या जागांची किंमत आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळली पाहिजे. त्या कोणाच्या मेहेरबानीच्या नाहीत.

आणि नुसत्या कागदावरच्या हक्काने जागा मिळत नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत आपल्यातला कोणी त्या पाण्यापर्यंत पोचला नव्हता. ठराव होता, पाय पडले नव्हते. रेडवुडच्या राष्ट्रीय उद्यानात शिरायला आज कोणाला मनाई नाही, प्रवेशाचे तिकीटही नाही. तरी आठ दिवसांत आम्हाला तिथे काळी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच दिसली. तरुण मित्रांनो, ताडोबा असो, राधानगरी असो, रायगड असो, अजिंठा असो, जा. एकटे जा, मुलींनीही जा, सोबत कुत्रा असेल तर त्याला नियम असेल तिथे बाहेर ठेवा. कोणी आडनाव विचारले तर सांगा, लपवू नका. हौदाला हात लावा.

पण एवढ्यावर थांबलो तर मित्रांचा आक्षेप खरा ठरेल. म्हणून आमची मागणी इथे मांडतो.

रेडवुडमध्ये एका रात्रीला पस्तीस डॉलर भरून आम्हाला काय मिळाले? क्रमांक असलेली एक सपाट जागा. एक बाकडे. चुलीसाठी लोखंडी कडे. अस्वलाने अन्न नेऊ नये म्हणून लोखंडी पेटी. थोड्या अंतरावर पिण्याच्या पाण्याचा नळ, शौचालय, आंघोळीची जागा, कचऱ्याचा डबा. सरकारने ठरवले तर फिरत्या माणसाला हे सगळे देता येते. त्यासाठी त्याने कायमचा पत्ता दाखवावा लागत नाही. आपल्याकडेही ठरवले तर जमते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. गाडीत राहून फिरणाऱ्या पर्यटकांसाठी थांबण्याच्या जागा, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह. चांगले धोरण आहे, आम्ही विरोध करत नाही. आम्ही एवढेच विचारतो : ज्याची गाडी चारचाकी आहे त्याला नळ, आणि ज्याचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर आहे त्याला धाड, हा न्याय कुठला? भटक्या-विमुक्तांसाठी रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, पुढे इदाते आयोगाचा आला. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. पण ज्याच्याकडे कागद नाही तो योजनेच्या दारातच अडतो, आणि ज्याचे पोट फिरण्यावर आहे त्याला रात्रीपुरती जागाही कोणी देत नाही.

प्रत्येक तालुक्यात किमान एक पालतळ असावा. गायरानावर किंवा शासकीय पडीक जागेवर. क्रमांक घातलेल्या जागा, नळ, शौचालय, दिव्याचा खांब, जनावरे बांधायला आडोसा. नोंदवहीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसांची संख्या आणि मुक्कामाचे दिवस. त्या नोंदीचा उतारा रेशन, शाळा आणि मतदारयादीसाठी रहिवासाचा पुरावा म्हणून चालावा. रात्री पोलीस यायचे तर लेखी कारणासह यावे. हा आराखडा आम्ही मराठीत लिहून काढला आहे आणि आमच्या तालुक्यातल्या सहा ग्रामपंचायतींच्या ग्रामसभांपुढे निवेदन म्हणून ठेवत आहोत. आपापल्या तालुक्यात कोणाला हे काम उचलायचे असेल त्यांनी उचलावे. निवेदनात पालावरच्या माणसांच्या सह्या आणि अंगठे आधी घ्यावेत, आपले नाव शेवटी.

जय भीम.